रिकाम्या कुप्यांचा डबा

मंगळवारी सकाळी साडेदहाला दोंडाईच्यातल्या एका दवाखान्यात भाऊला इंजेक्शन दिलं. अकराच्या आत भाऊ गेला. दुपारी धुळ्याला माझ्या शाळेच्या ऑफिसात ट्रंककॉल आला. मी सातवीचा वर्ग सोडून निघाले.

याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, त्याची वेळ आली होती. मी चहा देते. पण हे वाक्य मला सहन होत नाही. त्याच्या कमरेत एक सुई गेली होती आणि ती कुणीतरी भरली होती. ते कुणी बोलत नाही.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सोनगीरजवळच्या एका आरोग्य केंद्रात तो नोकरीला होता. हायवेवर अपघात झाला किंवा शेतात कुणाला साप चावला, की डॉक्टरांनी सांगितलेलं औषध देत पेशंटला जीपमधून धुळ्याला पोचवायचं, हे त्याचं काम. शिक्षण दहावीपर्यंत आणि औषधांची सगळी माहिती इंग्रजीत, म्हणून मी सुट्टीत घरी गेले की तो माझ्यापुढे कागद ठेवायचा. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. त्यातून आम्ही एक वही केली. एका औषधाला एक पान. ते शरीरात काय करतं, किती द्यायचं, स्नायूत की शिरेत, आणि शेवटी लाल शाईने, कुणाला द्यायचं नाही. एकदा लाल शाई संपली म्हणून मी ती ओळ निळ्याने लिहिली, तर त्याने पान फाडलं. "शालू, घाईत असलेला माणूस आधी रंग बघतो," म्हणाला. मला राग आला होता... पान मात्र मी पुन्हा लिहिलं.

इंजेक्शनचं नाव तो मोठ्याने तीनदा वाचायचा. कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि टोचण्याआधी. मग विचारायचा, आधी कधी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या का, दम लागला का? लोक वैतागायचे. एक म्हातारी अक्का त्याला म्हणाली होती, "अरे, सुई देस का मंतर म्हनस?" भाऊ म्हणाला, "मंतर चुकना ते सुई तुमनाच अंगमा जाई, अक्का." ती खूप हसली, आणि हसता हसता तिला आठवलं की मागे एका गोळीने तिचे ओठ सुजले होते. भाऊने भरलेली सिरिंज खाली ठेवली आणि डॉक्टरांना विचारायला आत गेला.

रिकामी कुपी तो कधी टाकायचा नाही. चिकटपट्टीने पेशंटच्या कागदाला लावायचा आणि शेजारी वेळ लिहायचा. एकदा कपाशीवर फवारताना विष चढलेल्या एका माणसाला त्याने धुळ्याला नेलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू केलं होतं, रस्त्यातही त्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे द्यायचं होतं. पोचेपर्यंत माणूस लालबुंद झाला, बडबडायला लागला. तिथल्या तरुण डॉक्टरांना वाटलं, विष अजून आहे. कागदावर ओळीने चिकटवलेल्या कुप्या बघून ते म्हणाले, "काय मामा, भंगार गोळा करता की काय?" भाऊ म्हणाला, "साहेब, मोजून घ्या. मी तोंडी सांगताना चुकेन." त्यांनी मोजल्या, पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, आणि पुढचं इंजेक्शन थांबवलं. ती बडबड विषाची नव्हती, औषधाची होती. तो माणूस आठवड्याने घरी गेला. पेशंटला सोपवलं की कागदावरच्या कुप्या काढून, पट्टीवर नाव आणि वेळ लिहून, तो घरी परतेपर्यंत एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या, हा भाऊचा नियम.

त्याला स्वतःला पेनिसिलीन चालत नव्हतं. एकदा नुसत्या टेस्टनेच त्याचा घसा आवळला होता. तेव्हापासून खिशात चिठ्ठी असायची, माझ्या अक्षरातली, लाल शाईची.

दोंडाईच्याला तो काकांकडे लग्नाला गेला होता. तापाने फणफणला, म्हणून चुलतभाऊ मधूने त्याला दवाखान्यात नेलं. बाजाराचा दिवस. कंपाउंडरने ट्रेमध्ये सिरिंजा आधीच भरून ठेवल्या होत्या. कशावरही नाव नव्हतं. दहाव्याला मधूने मला सगळं सांगितलं. भाऊने दोनदा विचारलं, औषधाचं नाव काय? कंपाउंडर म्हणाला, "तापनं शे, आबा. बठ्ठासले हाईच देतस." सगळ्यांना हेच देतात, म्हणून. भाऊने त्याचा हात धरला. मधूला वाटलं, तापात बडबडतोय, याची नेहमीची सवय. म्हणून मधूने भाऊचे हात धरून ठेवले. सुई गेली आणि थोड्याच वेळात भाऊला दम लागला... मधू रडत होता. मी त्याला पाणी दिलं. पण त्याला माफ करू शकले नाही, हे लिहायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या दवाखान्यात गेले.

"बाई, ताप मेंदूत गेला," डॉक्टर म्हणाले.

"इंजेक्शन कोणतं होतं?"

"नेहमीचंच."

"नाव सांगा."

"इथे रोज एवढी गर्दी असते, एकेकाचं कुठे लक्षात ठेवू?"

"दम लागल्यावर अॅड्रेनॅलीन दिलं का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. आमच्या वहीचं पहिलं पान अॅड्रेनॅलीनचं आहे, एखादं औषध अंगावर उलटलं तर लगेच द्यायच्या इंजेक्शनचं. दहावी शिकलेल्या माणसाने ते पहिलं ठेवलं होतं, कारण ते शोधायला वेळ नसतो. दवाखान्यात भाऊच्या नावाचा कागद नव्हता. बाटली त्याच दिवशी कचऱ्यात गेली होती. ज्याने परक्या माणसांच्या कुप्या जपल्या, त्याला काय दिलं हे सांगायला कुणाकडे काही नाही, आणि त्याची कुणाला लाजही नाही.

भाऊचे कपडे मधूने आणून दिले. शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. तिची घडी मोडलेली नव्हती.

वही आणि डबा आता माझ्याकडे आहेत. डब्यात चौदा रिकाम्या कुप्या आहेत, प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर भाऊच्या अक्षरात पेशंटचं नाव आणि वेळ. भाऊची कुपी त्यात नाही.