जानकीचं नाव

जयंतीकाकीला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा तो खाटेवर पडून छत बघत राहिला आणि हिने गोरेगावच्या स्टुडिओत कपडेपटाची इस्त्री करून घर ओढलं. भल्याभल्या नट्यांना ती "हात वर कर गो" असं दरडावायची आणि त्या मुकाट करायच्या. आमच्या मजल्यावर तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेजारीण म्हणून माझं तिच्याशी सतत वाजायचं, तरी तिसऱ्या कुणाशी भांडण निघालं की ती आपल्या बाजूला असावी असं वाटायचं.

मूळची ती कणकवलीकडची. मुंबईला येण्याआधी तिला एक मुलगी झाली होती, जानकी. तीनेक वर्षांची असताना एका बाजूने छाती फुगून, धापा टाकत ती गेली. नंतर देवेश झाला, जान्हवी झाली, पण आपल्याला एक बहीण होती हे त्या दोघांना कधी कळलंच नाही. गेलेल्या पोराचं नाव काढलं की ते माघारी येतं आणि जितं पोर घेऊन जातं, असं तिच्या सासूने तिला बजावलं होतं. काकीने ते नाव असं गिळलं की नवऱ्यासमोरसुद्धा पुन्हा उच्चारलं नाही. हे सगळं मला फार उशिरा समजलं.

देवेशचा मुलगा यज्ञेश म्हणजे तिचा जीव की प्राण. नऊ महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसात हवेची एक पिशवी दिसली म्हणून त्याला अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. देवेश कामावर होता, म्हणून सोबतीला मी गेले. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला गळ्यात गाठ होती? कुणाचं लहान मूल छातीच्या दुखण्याने गेलंय?"

सुलक्षणा, म्हणजे यज्ञेशची आई, सासूकडे बघायला लागली. काकीने पदर गळ्याशी ओढून घेतला. तरुणपणी तिच्या गळ्यातली गाठ काढलेली, तिचा आडवा व्रण तिथे होता.

"आमच्यात कोणाक काय एक नाय," ती म्हणाली. "सगळी धडधाकट आसत."

का विचारतोय ते सांगायचं नाही, ही डॉक्टरांची जुनी खोड. बाईंनी मान हलवली. अशा पिशव्या बहुतेक जन्मजात असतात, त्रास नसेल तर थांबून बघू, सहा महिन्यांनी पुन्हा आणा, म्हणाल्या. पोरगं बाळसेदार, हसरं. सहा महिन्यांनी काकी म्हणाली, कशाला त्याला मशीनमध्ये घालता, आणि तिच्यापुढे बोलायची त्या घरात कुणाची टाप होती?

अडीच वर्षांचा झाल्यावर यज्ञेश खोकायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा चढला. मग टीबीचा संशय आला आणि त्या गोळ्या सुरू झाल्या. पोर उजव्या कुशीवरच झोपायचं, डाव्या कुशीवर वळवलं की गुदमरायचं. सुलक्षणा हे प्रत्येकाला सांगत होती आणि प्रत्येक जण मुलांना अशी सवय असते म्हणून तिला उडवून लावत होता. शेवटी ती एकटीच त्याला उचलून अंधेरीला घेऊन गेली. स्कॅनमध्ये पिशवीच्या जागी अर्धी छाती भरेल एवढी गाठ होती. तुकडा काढून तपासला. फुफ्फुसाचा कॅन्सर.

"तीन वर्षांचं पण नाही हो ते," देवेश म्हणाला. "घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही."

बाई म्हणाल्या, विडीचा याच्याशी संबंध नाही. हा लहान मुलांनाच होणारा, क्वचित दिसणारा प्रकार आहे.

मोठ्या इस्पितळात उपचार सुरू झाले. यज्ञेशचे केस गेले, आवाज गेला. एका दुपारी सुलक्षणा त्याचे कपडे न्यायला घरी आली, तर काकी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत होती. "जानके, बाय माझे, तुझो भाचो हा तो. तेका नेव नको. माका ने."

"जानकी कोण?" सुलक्षणाने विचारलं.

काकीने सांगितलं. आता लपवून राखायचं काही उरलं नव्हतं.

सुलक्षणा तशीच अंधेरीला गेली आणि बाईंना विचारून आली. हा दोष घराण्यातून उतरतो. काकीच्या गळ्यातली गाठ, जानकीची छाती, यज्ञेशची पिशवी, बहुतेक सगळं त्याच एका दोषाचं. तेव्हा कळलं असतं तर मी थांबले नसते, बाई म्हणाल्या, पिशवी तेव्हाच काढायला लावली असती, आणि एवढ्यावर पोर बहुधा बरं झालं असतं. मीही जास्त खोदून विचारायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. त्याचा काय उपयोग?

यज्ञेश गेला. काकीने दुसऱ्याच दिवशी त्याची सायकल देऊन टाकली, फोटो उतरवले आणि घराला सांगितलं, आता नाव नाय काढूचा. जान्हवी तेव्हा मुलुंडला सासरी, सात महिन्यांची गरोदर होती.

"तिला सांगा," सुलक्षणा म्हणाली.

"पोटुशी बायकोक असला आयकवतत?"

जान्हवीच्या ओटीभरणाला सुलक्षणाला बोलावणं नव्हतं. जिचं मूल गेलंय तिची सावली नको, असं काकीनेच ठरवलं होतं. तरी सुलक्षणा आली. हिरव्या साडीतल्या जान्हवीसमोर उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुला एक बहीण होती, जानकी. ती आणि माझा यज्ञेश एकाच रोगाने गेले. बाळ झालं की पहिल्यांदा त्याच्या छातीचा स्कॅन कर."

काकीने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. जान्हवीच्या सासूने तिला दाराबाहेर काढलं. तोंडात घास असलेली एकही बाई उठली नाही, त्यात मीही होते.

पण जान्हवीने स्कॅन केला. बाळाच्या फुफ्फुसात लिंबाएवढी पिशवी होती. ती वेळेत काढली आणि तपासणीत तोच रोग, अगदी सुरुवातीचा, निघाला. पोरगी वाचली. तिच्या उष्टावणाला अख्खी बिल्डिंग गेली, सुलक्षणा सोडून. काकी मिरवत होती, माझ्या नवसाला देव पावला. रागाने मला खीर गोड लागेना.

संध्याकाळी मी काकीला घरी सोडायला गेले. सुलक्षणाने सासूचं पान वाढायला घेतलं. ताट मांडलं, पाणी ठेवलं, आणि भाताचं पातेलं हातात धरून उभी राहिली.

"कोणामुळे वाचली ती? नावं घ्या."

"देवामुळे," काकी म्हणाली.

सुलक्षणाने पातेलं परत ओट्यावर ठेवलं. देवेश खिडकीबाहेर बघत राहिला. काकी त्या रात्री उपाशी निजली, दुसऱ्या दिवशीही ताट रिकामंच राहिलं. त्या संध्याकाळी मी लपवून चपाती नेली, तर काकीने मला दारापर्यंत हाकललं. मग मी दारात उभी असतानाच ती ताटावर बसली, आणि नट्यांना दरडावणारा तो आवाज मला ओळखूसुद्धा आला नाही.

"यज्ञेश."

"अजून एक."

"जानकी," असं म्हणून ती हमसाहमशी रडायला लागली, आणि सुलक्षणाने तिला भात वाढला.