निळा परत येईपर्यंत

कॉलेजच्या कीटकसंग्रहालयात तिला सगळे चिमटेबाई म्हणत. फुलपाखरांचे मोडलेले पंख जोडायचे, भुंग्यांच्या तुटक्या मिशा चिकटवायच्या, बुरशी पुसायची, यातच तिचं आयुष्य गेलं होतं. खोलीत पंखा लावायचा नाही आणि शिंक आली तर बाहेर पळायचं, हा तिचा कायदा. "आमची ही भाजीतली मिरचीसुद्धा चिमट्यानं काढते," असं नवरा पाहुण्यांना रंगवून सांगायचा.

पण अलीकडे तिचा उजवा हात थरथरू लागला होता आणि निवृत्ती तोंडावर आली होती. हाताखाली कुणी तयार झालं नाही, तर सगळा संग्रह तळघरात टाकू, असं प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं. आजवर आलेली माणसं कंटाळून निघून गेली. ही नवी मुलगी तेवढी टिकली होती. कामाला चोख, पण जरा चुकलं की रडकुंडीला यायची. तिची आई रोज दुपारी फोन करायची, "बाई, पोरगी जेवली का? काही तोडफोड नाही ना केली?"

त्या दिवशी मुलगी संग्रहातल्या एकुलत्या एका मोठ्या निळ्या फुलपाखरावरची बुरशी काढत होती. ब्रशचं टोक नुसतं ओलावायचं असतं. तिनं चांगलं निथळेपर्यंत स्पिरिट घेतलं. पंखावर ओघळ गेला आणि बघता बघता निळ्याचा हिरवा झाला. चिमटेबाई वळून बघते तर मुलगी नमुन्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहायच्या निळ्या शाईत ब्रश बुडवून पंखावर वाकलेली.

"हात मागे घे आधी!"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "रंग धुऊन गेला, बाई. तोच भरत होते. उद्यापासून नाही येत मी."

फुलपाखराची चिमटेबाईला चिंता नव्हती. या शेवटच्या वाक्याची मात्र होती. तिनं घाईनं स्टूल पुढे ओढलं.

"बस इथं. त्यात निळा रंग होताच कुठं, धुऊन जायला?"

"थट्टा करताय ना?"

"अगं, पंखावर कौलांसारखे खवले असतात. एकेका खवल्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक कप्पे, फडताळासारखे, आणि मधे नुसती हवा. उजेड त्यावर आपटतो आणि त्यातला निळा तेवढा जोरात परत फिरतो. आता हवेच्या जागी स्पिरिट शिरलंय, म्हणून हिरवा दिसतोय. ते उडू दे. शाई लावली असतीस तर कप्पे कायमचे बुजले असते, बये!"

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी कावरीबावरी झाली.

"जेवली, ताई," चिमटेबाई फोनवर म्हणाली. "छान चाललंय. आम्ही जरा एक पंख वाळवतोय."

दोघी टेबलावर कोपरं टेकून बघत राहिल्या. आधी कडेला एक निळी रेघ उमटली, मग ती आत आत पसरत गेली. "आला! बाई, आला!" मुलगी नाक पुसत हसायला लागली.

"मग? उद्या येतेस ना?"

मुलीनं चिमटेबाईच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. "याची मिशी तुटलीय. ती कोण जोडणार?"

चिमटेबाईनं आपला चिमटा मुलीपुढे सरकवला आणि मनातल्या मनात त्या निळ्याला हात जोडले.

रात्री जेवताना तिनं भाजीतली मिरची बोटांनी काढली. नवरा बघतच राहिला.