वेबसाईटचा पोळा

सणावाराला जगातली कुठलीही वस्तू बोडकी राहता कामा नये, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. मेहकरपासून तासाभरावर त्यांचं गाव. तिथल्या हायस्कुलात ते ड्रॉइंग शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना अजून सरच म्हणतं, आणि मीही. दसऱ्याला लोक गाडीला झेंडूची माळ घालतात. सर मिक्सरला, गॅसच्या शेगडीला आणि पाण्याच्या मोटारीला घालतात. एका दसऱ्याला मी त्यांच्या ओसरीवर चष्मा काढून ठेवला आणि आत जेवायला गेलो. परत येऊन उचलला तर दोन्ही काड्यांना हळदीकुंकवाची बोटं. मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "हत्यारच हाये ना ते तुमचं, साडूभाऊ? त्याच्याबिगर तुम्ही काय करता?" मी तहसीलमध्ये कारकून असल्यामुळे ती बोटं न पुसता चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला.

अशा माणसाच्या हाती वेबसाईट द्यायची नसते. पण दिली गेली. गावातून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या लोकांनी पुण्यात एक मंडळ काढलं आणि मंडळानं गावाची वेबसाईट काढली. एसटीचं वेळापत्रक, सोयाबीनचा भाव, कोणाकडे लग्न, कोणाकडे तेरवी, देवीच्या जत्रेचे फोटो, असा सगळा गावचा प्रपंच तिच्यावर असे. गावात राहणारा आणि चित्रांतलं कळणारा माणूस म्हणून ती सरांकडे आली. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून सर सगळं शिकले. त्यांची पद्धत मात्र त्यांचीच होती. आधी कागदावर रंगांनी चित्र काढायचं, ते ओसरीवर उन्हात वाळवायचं, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर रंगाच्याच चार वाट्या ठेवायच्या, मग फोटो काढून साईटवर चढवायचं. घरात ऐन स्वयंपाकाला वाट्या सापडत नसत. माझी मेहुणी कपाळाला हात लावून म्हणायची, "दाराले आंब्याचा पाला लावाले याहिले टाइम नाही, अन् इंटरनेटले तोरणं बांधून राह्यले!"

संक्रांतीला त्यांनी साईटवर इतके पतंग सोडले की एसटीचं वेळापत्रक त्यांच्या शेपट्यांखाली गेलं, आणि चिखलीला जाणारं एक वऱ्हाड स्टँडवर बसून राहिलं. होळीला सोयाबीनच्या भावावर गुलाल पडला. आपला भाव नेमका किती, हे दोन दिवस कोणालाच कळलं नाही. चौदा एप्रिलला त्यांनी पानच्या पान निळं केलं, आणि अक्षरंही निळीच ठेवली. बुद्धविहाराजवळ राहणारे निवृत्त मुख्याध्यापक सकाळी सकाळी घरी आले. सरांचे ते जुने मित्र. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "सर, रंग अगदी बरोबर हाये. पन ज्याहिची जयंती हाये त्याहिनं आम्हाले वाचाले सांगतलं. तुम्ही तं वाचूच देऊन नाही राह्यले." सरांनी तिथल्या तिथे अक्षरं पांढरी केली आणि मुख्याध्यापकांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चूक दाखवणाऱ्याचा त्यांना कधी राग येत नाही. चूक दुरुस्त करून ते पुढच्या सणाला नवी करतात, इतकंच.

पुण्यातल्या लोकांना मात्र राग येत होता. आधीच्या पोळ्याला एकानं ऑफिसात हळूच साईट उघडली, तर तिच्यातून झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्यात बैलांसमोर खड्या आवाजात म्हणायच्या तुकबंद्या. त्या सरांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवल्या होत्या. साहेबासकट सगळं ऑफिस उभं राहिलं म्हणतात. अखेर मंडळानं ठरवलं की साईट एका कंपनीला द्यायची. कंपनी ती स्वच्छ करील, सुटसुटीत करील. सर फोनवर "हाव, बरोबर हाये" एवढंच म्हणाले. पण त्या महिन्यात नागपंचमी आली आणि गेली, साईटवर एक साधा नाग निघाला नाही. मेहुणीनं माझ्या बायकोला फोन केला. वाट्या सगळ्या मांडणीत जागच्या जागी आहेत, हे सांगताना तिला रडू आलं.

त्या वर्षी पोळा सुटीच्या दिवशी आला. साईट कंपनीच्या हवाली करायची बैठक मंडळानं पुण्यात त्याच दिवशी ठेवली होती. आम्ही दोघं सकाळीच सरांकडे गेलो. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोंडाशी तोरण बांधतात, आणि सगळ्या जोड्या सजून त्याच्यासमोर उभ्या राहतात. मानाच्या घरची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटला. त्याच्याआधी कोणाचा बैल पाऊल टाकणार नाही, मग तो कोणाचाही असो. सर चांगले प्रसन्न दिसत होते. झोपाळ्यावर बसून एका वाटीतला वाळलेला रंग नखानं खरवडत होते.

पुरणपोळीचा पहिला घास घेतला आणि माझा फोन वाजला. मंडळाचे अध्यक्ष होते. यांचं घर गावातलं मानाचं. आता त्या घराला कुलूप आहे. वडील वारले, बैल विकले गेले, हे पुण्यातच स्थायिक झाले.

"तुमच्या साडूंनी साईट बंद केली आहे आणि ते फोनही उचलत नाहीत," ते म्हणाले. "कंपनीची माणसं समोर बसली आहेत. नुसतं एक तोरण दिसतंय आणि त्याच्याखाली एक बैलजोडी उभी आहे. आत जाता येत नाही. 'मानाच्या जोडीचं नाव लिहा' म्हणून एक चौकट येते. तो पासवर्ड काय आहे तेवढा विचारा."

मी सरांना विचारलं. सर झोपाळ्यावरूनच, वाटीवरची नजर न काढता म्हणाले, "मले काऊन विचारता? त्याहिले सांगा, तुमच्या बापाच्या बैलायचं नाव हाये."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे कळा टकटकल्या. मग एकदम माझ्या फोनमधून सरांच्याच आवाजातल्या झडत्या ऐकू आल्या, आणि मला कळलं की पुण्यात पोळा फुटला.

झडत्या संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "सरांना द्या." मी फोन स्पीकरवर टाकला. मघापर्यंत हा माणूस अगदी पुण्याचं बोलत होता. आता म्हणाला, "सर, आमच्या चांद्याचं डावं शिंग खाली वयलेलं व्हतं, हे तुमच्या ध्यानात कसं काय राह्यलं? मी तं इसरूनच गेलतो."

"तुह्या बापानं त्याच शिंगाले बेगड मलेच लावाले देल्ली दरसाल," सर म्हणाले. "ते वाकडं शिंग दुसऱ्या कोनाले साधेच ना."

तरीही साईट कंपनीकडे गेलीच. तसं करणं भाग होतं, हे सरांनाही पटलं होतं. गावच्या लोकांना एसटी मिळायला हवी. साईट आता खरंच स्वच्छ आहे. पटकन उघडते, वेळापत्रक वाचता येतं. दिवाळीला तिच्यावर एक तयार पणती येते आणि तिसऱ्या दिवशी आपोआप निघून जाते. फक्त अध्यक्षांनी बैठकीत एक अट घालून घेतली, की वर्षातला एक दिवस, पोळ्याचा, साईट सरांकडे राहील. त्या एका दिवसाची तयारी सर आखाडीपासून, म्हणजे आषाढातल्या पौर्णिमेपासून, सुरू करतात. मेहुणीनं त्यांच्यासाठी रंगाच्या चार वाट्या वेगळ्याच काढून दिल्या आहेत, आणि त्यांना कोणी हात लावला तर आता तीच ओरडते.

पहिल्या वर्षी मानाची एकच जोडी होती. मग लोक सांगू लागले, आमचीही काढा. पुण्याहून, सुरतेहून, एक तर थेट दुबईहून, विकून टाकलेल्या आणि म्हाताऱ्या होऊन गेलेल्या बैलांचे फोटो येऊ लागले. फोटो नसला तर लोक फोनवर वर्णन करत, आणि सर ऐकत ऐकत काढत. गावात खऱ्या तोरणाखाली आता दोनतीनच जोड्या उभ्या राहतात, बाकी ट्रॅक्टर. साईटवर मात्र खालपर्यंत बोट सरकवत जावं एवढी रांग असते. त्या रांगेत सरांची स्वतःची जोडी कधी नव्हती. शाळा सांभाळून त्यांनी बरीच वर्षं शेती केली होती, आणि पाठीचं दुखणं निघालं तेव्हा त्यांनीच बैल बाजारात नेऊन विकले होते. मी एकदा विचारलं, "सर, सगळ्या गावाची जोडी आहे, तुमची कुठं?"

"काढाले बसतो ना," ते म्हणाले. "पन तोंडच येत नाही, साडूभाऊ. पाठमोरीच येते. बाजारातून जाताना पाह्यली ना शेवटची."

एवढ्या बडबड्या माणसाकडून इतकं हळू बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला फार वाईट वाटलं. मी उगीच त्यांच्या वाट्या धुऊन आणल्या.

यंदाच्या पोळ्याला मी मेहकरला घरीच होतो. सकाळी साईट उघडली. चौकटीत हरण्या-चांद्या लिहिलं. आता ते सगळ्या गावाला पाठ आहे. रांग नेहमीसारखीच होती, सगळ्या जोड्या तोरणासमोर उभ्या, पण माना वळवून तोंडं आपल्याकडे केलेल्या. पण तोरणाच्या पलीकडे, मानाच्या जोडीच्याही पुढे, आणखी एक जोडी होती. अंगावर झूल, शिंगांना बेगड, आणि पाठमोरी. खाली लोकांनी लिहिलं होतं की सरांची जोडी मानाच्याही आधी तोरण ओलांडून घरी निघाली. मेहुणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, सर ओसरीवर बसले आहेत आणि सगळ्यांनी लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवत आहेत.