शिकागोत वाजलेले तीन ठोके

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूत, भानामती, देवीचा कौल... कशावरच माझा विश्वास नव्हता आणि आजही फारसा नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कुणी ‘अमक्या झाडाखाली काहीतरी दिसलं’ म्हणालं, की मी विचारायचो, “किती घेतली होती?” त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही मलाही तेच विचारलंत, तर माझी तक्रार नाही.

मी जळगाव जामोदचा. बाजारातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचं खाली दुकान आणि वर घर. बाबांचं दुकान दोरखंड, घमेली, नांगराचे फाळ यांचं. वरच्या मजल्याला सागवानी फळ्या. गल्लीतल्या बाया खाली येऊन गिऱ्हाइकांसमोर हाका मारत नसत, मुसळाचं टोक फळ्यांवर आपटत. दोन ठोके म्हणजे पान वाढलंय. तीन म्हणजे हातातलं टाका आणि वर या. दोन ठोक्यांना बाबा खुशाल अर्धा तास दाद देत नसत. पण तीन झाले, की तराजू तसाच लटकता ठेवून जिना चढायचे. का, कशाला, हे विचारायचं नाही. गिऱ्हाईकच म्हणायचं, “जा भाऊ, मी पाह्यतो दुकानाकडं.”

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिकागोत नोकरीला लागलो. शहराच्या ऐन व्यापारी भागात नवा टॉवर झाला होता — खाली दुकानं, बँक, हॉटेल, मध्ये ऑफिसं, वर राहायची घरं. आमचं ऑफिस त्यातच, आणि त्याच इमारतीत, बरंच वर, मी भाड्यानं घर घेतलं. काय ऐट होती माझी! सुट्टीत गावी गेलो तेव्हा फोटो पसरून आईला सगळं समजावलं. तिनं चष्मा सावरून पाहिलं.

“खालतं दुकान, वरतं घर. हे तं आपल्या गल्लीतबी हाय. तुमाले आता सुचलं काय?”

तर तो दिवस. सप्टेंबरमधली दुपार होती. बायको, सुशीला, सात महिन्यांची गरोदर, वर घरी एकटीच. मी खाली मीटिंगमध्ये — स्वतः केलेलं माझं पहिलं डिझाइन, समोर क्लायंट, शेजारी साहेब. नोकरीत पाय रोवायचे तर आजच, अशी वेळ. नकाशावर बोट ठेवून मी बोलत होतो आणि डोक्यावरच्या छतावर ठोके पडले. ठक्... ठक्... ठक्.

लाकडावर लाकूड. मी वर पाहिलं. बाकी कुणीच पाहिलं नाही. मी पेन्सिल ठेवली आणि निघालो. साहेब मागून हाका मारत होता, मी वळलोसुद्धा नाही. लिफ्टमध्ये मात्र अक्कल जागी झाली — अरे, काय वेडेपणा करतोयस? परत जावं असं मनात आलं, तेवढ्यात आमचा मजला आला.

दार उघडलं तर सुशीला न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली. फरशीवर रक्त.

त्याच इमारतीत खाली एका डॉक्टरचा दवाखाना होता. फोन केला, तो धावत वर आला. पुढं मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन... संध्याकाळी मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. “आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघीही हाती लागल्या नसत्या,” सर्जन म्हणाला. मी तिथंच भिंतीला टेकून रडलो. फुलं घेऊन आलेल्या साहेबानं मला तसं पाहिलं. मीटिंगचं नंतर पाहू, म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर सुशीलानं पहिलं हेच विचारलं, “तुमी कसे काय आले? मले तं हाकबी मारता आली नाही.”

मी पुढं सगळं तपासलं. हिवाळ्यात तिथले वाफेचे पाइप वाजतात, पण हीटिंग अजून सुरूच झालं नव्हतं. मीटिंगच्या खोलीवरचं ऑफिस रिकामं, कुलूपबंद. तिथली जमीन काँक्रीटची, त्यावर गालिचा. लाकूड औषधालासुद्धा नव्हतं. आणि गावाकडे त्या वेळी मध्यरात्र, आई गाढ झोपेत.

पुढल्या वर्षी मुलीला घेऊन गावी गेलो आणि हे सांगितलं. झालं! गल्लीतल्या बायांत जुंपली. समोरच्या काकू म्हणाल्या, “माह्याच मुसळाचा आवाज असन, लय वजनी हाय ते.” दुसरी म्हणे माझंच. आई वादात पडलीच नाही. मी एकटं गाठून विचारलं, तर म्हणाली, “कोनाचंबी असन. मले काय माहीत?”

इतकी वर्षं झाली, मलाही माहीत नाही. गणितात बसेल असं उत्तर मिळालं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

त्यानंतर मी कितीतरी इमारती उभ्या केल्या. आईनं एकीचंही कधी कौतुक केलं नाही. पण मुलीला घेऊन गेलो त्या मुक्कामात नातीला कडेवर घेऊन ती गल्लीतल्या दारोदार फिरत होती आणि प्रत्येक दारात एकच सांगत होती, “साहेब बसूनच राह्यला, अन् माहा पोरगा उठून गेला. काऊन म्हनून विचारलं नाही त्यानं!”