मंत्र्याच्या नावाची कोरी जागा

लिमात रस्ते-पुलांच्या मंत्रालयाच्या फाटकासमोर एर्लिंदा सव्वीस वर्षं टाइपरायटर मांडून बसत होती. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, हाच धंदा. तिचा नियम एकच. मंत्र्याच्या नावाची जागा कोरी ठेवायची आणि नाव सगळ्यात शेवटी, अर्ज देताना टाइप करायचं, तेही रेडिओवरच्या बातम्या ऐकून. राष्ट्राध्यक्ष निवडून आला होता पाच वर्षांसाठी, पण संसदेतल्या एकशेतीस जागांत त्याच्या पक्षाच्या एकोणीस! मग काय, मंत्रिपदं वाटून तीन पक्षांची मोट बांधायची आणि एक रुसला की मंत्री घरी. चौदा महिन्यांत या इमारतीनं पाच मंत्री पाहिले.

"आज कोण गं?" खिडकीतला कारकून ओविदिओ तिलाच विचारायचा.

"दुपारपर्यंत तरी कालचाच."

पण स्वतःच्या गावाची वेळ आली आणि बाईचा नियम गेला खड्ड्यात. सहावा मंत्री निघाला तिच्याच खोऱ्यातला. तिच्या गावाला, पुकामायोला, नदीवर पूल नव्हता. पोरं दोराला लोंबकळत शाळेत जायची. हा माणूस पूल देणारच, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं अर्जावर त्याचं पूर्ण नाव ठोकलं आणि अंगठ्यांसाठी कागद गावी धाडला.

महिन्याभरानं गावचा पुढारी सातुर्निनो चौऱ्याऐंशी अंगठे घेऊन, वीस तास बसमध्ये अंग आंबवून आला. नेमका त्याच सकाळी एक मित्रपक्ष सरकारातून फुटला होता आणि संसदेनं त्या मंत्र्याला अविश्वासाच्या ठरावानं घरी बसवलं होतं.

ओविदिओनं कागद परत सरकवला. "नाव जुनं झालं, बाई. नवा अर्ज, नवे अंगठे."

सातुर्निनो भडकला. "साऱ्या जगाची जागा कोरी ठेवतेस, आणि आमचीच बरी भरलीस गं!"

"चुकलं, काका."

"चुकलं म्हणे! पावसाळा तोंडावर आलाय. बाकीचे अंगठे पुन्हा गोळा करीन मी. पण पहिला तुझ्या आईचा आहे. तो कुठनं आणू?"

आईला पुरून पंधरा दिवस झाले होते. एर्लिंदाला रडू फुटलं. ते पुसून तिनं नवा कागद घातला. वर मंत्र्याची जागा कोरी सोडली. खाली पहिलं नाव आईचंच टाइप केलं, आणि अंगठ्याचा चौकोन तसाच ठेवून ती दुसऱ्या नावाकडे वळली.

"वरची जागा कुणीही भरेल, काका," ती म्हणाली. "ही तेवढी कुणाला भरू देऊ नका."