रॉबिनचं तिसरं घर

वर्गात मी रॉबिन पक्ष्याचं चित्र फळ्यावर लावलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "मॅडम, आपल्या बीडात हाय का हा?"

"न्हाई."

"मग कावून शिकायचा?"

शिकायचा. दक्षिणेतल्या उंच डोंगरांत, शोला म्हणतात त्या दाट जंगलात हा निळसर पक्षी जमिनीलगत किडे टिपत हिंडतो. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी अभ्यासकांनी त्याला आधी एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या गटात, घातलं, मग उचलून दुसरीत टाकलं. शेवटी जनुकं तपासली तेव्हा कळलं, तो दोन्हीकडचा नव्हताच. जवळचं नातं निघालं माशीमार पक्ष्यांशी. मग त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली, तीत इनमिन दोन-तीन पक्षी. एवढं सगळं होईतो हा आपला झुडपात किडेच खात होता. मला त्याचा भारी अभिमान वाटतो.

त्याला कारण आहे. नवरा आणि मी दोन जातींचे. सासरचे म्हणतात, ही आपली नव्हे. माहेरचे म्हणतात, ती आता त्यांची. गेल्या उन्हाळ्यात जुन्या मालकानं खोली रिकामी करायला सांगितली. नवरा दिवसभर मांजरसुंब्याला गॅरेजवर, म्हणून लेकीला कडेवर घेऊन मीच बीडभर घर शोधत फिरले. प्रत्येक दारात आधी तोच प्रश्न, "कुणाच्यातल्या तुमी?" दोन्ही जाती सांगितल्या की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. कॉलेज उघडायला आलं, आणि सामान न्यायचं कुठं याचाच पत्ता नव्हता.

पाली रस्त्यावरच्या मालकीणबाईंनीही तेच विचारलं. तोवर माझं डोकं फिरलं होतं.

"कुणाच्यातले न्हाई. आमी आमच्यातले."

"म्हंजी?"

"म्हंजी नवरा, मी आन् ही लेक. तिघंच. द्यायची तर द्या खोली, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

बाई दार धरून बघत राहिल्या. मीही हलले नाही.

"लई तिखट हाईस," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढली. "नळाला रोज पाणी येत न्हाई. चालंल?"

चालतंय. नळाच्या दिवशी रांगेत एखादी नवी बाई विचारतेच, कुणाच्यातल्या? मी हंडा खाली ठेवायच्या आत, नुकती बोलायला लागलेली लेक ओरडून सांगते, "आमी आमच्यातले!"

मी तिला अजिबात गप्प करत नाही.