डॉक्टरीणबाईंना मी ‘न्हाई’ म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही माझ्या घरातले नाही म्हणून.

सुरेखा माझी धाकटी. लग्न ठरायच्या आधी, मोशीतल्या घरी तिला तीनदा फिट आली. तिन्ही वेळा जवळ मी एकटीच. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी नाकाला चप्पल धरली. शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवायचं नाही. जीभ चावलेली असायची. मी म्हणायचे, चक्कर आली, पडताना चावलीस.

पुढे ती चाकणला कंपनीच्या बाथरूममध्ये पडली. कुणी पाहिलं नाही. कंपनीनं तपासून या म्हटलं. चिंचवडच्या दवाखान्यात तिच्या डोक्याला वायरी लावल्या. मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरनं वाचल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कॉम्प्युटरनं इथं खूण केलीय. पण तेवढ्यावर मी गोळ्या सुरू करणार नाही. मावशी, ही म्हणते, घरी तुम्ही पाहिलंय तिला पडताना. हातपाय झटकते का?”

रविवारी कुरुळीचे लोक तिला बघायला येणार होते. मुलगा कायम नोकरीतला. फिटवाली पोर कोण करून घेतं? मीच केली नसती.

“न्हाई,” मी म्हणाले. “उपास लई करती. चक्कर येती.”

“उपास कसला, आई? ताटभर खिचडी खाते मी!” सुरेखा हसली. बाईही हसल्या. मग पुन्हा विचारलं — नक्की? नक्की, म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. परत असं झालं तर लगेच या, म्हणाल्या.

परत झालं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी. मी नेलं नाही.

लग्नानंतर आठव्या महिन्यात, सासरी दूध तापवताना ती गॅसवर पडली. उजवा गाल, मान, हात — सगळं भाजलं. सासरच्यांनी जखमा सुकायच्या आत आणून सोडली. तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. सहा वर्षं झाली, एकही फिट नाही. त्याच गोळ्या — आधी मिळाल्या असत्या तर? हे मी रोज तिच्या गालाकडं बघून म्हणते. मनात.

बायका विचारतात तेव्हा ती सांगते, “त्या कॉम्प्युटरला नीट कळलंच नाही हो. आई होती बरोबर, पण तिला बिचारीला काय कळणार?”

कॉम्प्युटरला कळलं होतं. मला त्याच्या आधी कळलं होतं. ती हे सांगते तेव्हा मी शेजारीच बसलेली असते, आणि मान हलवते.